पेशीतील जाळे

घास गिळल्यानंतर तो पचविण्याचे पुष्कळसे काम स्वादुपिंडातून पाझरणारे रस करितात. हे रस ज्या प्रथिनांचे बनतात, ती प्रथिने पेशीच्या नेमक्या कोणत्या भागात घडतात? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास विसावे शतक निम्मे उलटावे लागले.

१८९७ साली फ्रान्समधील शार्ल गार्निए यांस ग्रंथींच्या पेशींत रंग गडदपणे शोषून घेणारे तंतू आढळले. त्यांस त्यांनी ‘अर्गास्टोप्लाझम’, म्हणजे राबणारे द्रव्य, असे नाव दिले. नाव अन्वर्थक होते. परंतु साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याहून अधिक काही दिसेना. मारलेल्या पेशीवर रसायने घातल्याने उठलेला हा आभास असावा, अशी शंका कित्येकांनी घेतली आणि हा शोध मागे पडला.

१९४५ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या कीथ पोर्टर व आल्बेर क्लोद यांनी अर्नेस्ट फुलॅम यांच्या साहाय्याने कोंबडीच्या गर्भातील पेशीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतले. त्यात नाजूक विणीची एक जाळी दिसली. हीच आंतर्द्रव्यजालिका होय. मूळ रुमानियाचे जॉर्ज पॅलाडे यांनी १९५५ साली तिच्या पापुद्र्यांवर चिकटलेल्या सूक्ष्म कणांचे वर्णन केले. मिलिमीटरचे चाळीस हजार भाग केले, तर एका भागाएवढा हा कण! या कणांस पुढे ‘रायबोझोम’ म्हणू लागले. आणि त्यांच्यामुळेच जालिकेचा तो भाग खडबडीत ठरला.

पण हाही आभास नव्हे कशावरून? क्लोद यांनी पेशी चिरडून, ते मिश्रण वेगाने फिरवून काही बारीक तुकडे वेगळे काढले होते. ते याच जाळीचे अवशेष आहेत, असे पॅलाडे व फिलिप सिकेविट्झ यांनी १९५६ मध्ये दाखविले. दोन निरनिराळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. १९६७ साली जेम्स जेमिसन व पॅलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांस किरणोत्सर्गी ल्यूसिन अवघी तीन मिनिटे दिले. ते प्रथम खडबडीत जालिकेत, मग गॉल्जी पिंडाच्या प्रदेशात व सुमारे दोन तासांनी रसाच्या साठवणकणांत सापडले. प्रथिनाचा जन्म आणि प्रवास दोन्ही उलगडले. मधुमेह्यास ज्याची उणीव भासते, ते इन्सुलिनही स्वादुपिंडातील दुसऱ्या पेशी अशाच जालिकेवर घडवितात.

कोणत्या प्रथिनाने या जालिकेत शिरावे, याची खूण त्या प्रथिनाच्याच आरंभीच्या भागात असते, हे गुंटर ब्लोबेल यांनी सिद्ध केले. त्यांस १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी १९७४ साली क्लोद, पॅलाडे आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांस तोच मान लाभला होता. ज्यांनी ते पहिले छायाचित्र घेण्यात भाग घेतला आणि जालिकेस तिचे नावही दिले, त्या पोर्टर यांचा मात्र त्यांत समावेश नव्हता. पारितोषिकांच्या यादीत त्यांचे नाव नसले, तरी शाळेतील मुले आजही जालिकेस त्यांनी दिलेल्या नावानेच ओळखतात.