वाळूतून निघालेली शर्यतीची मोटार

वाचकहो, एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. घरात आजोबांच्या वेळचा नांगर आहे. त्याचा फाळ झिजला म्हणून बदलला. रुमणे मोडले, तेही नवे बसवले. पुढे हळस किडली, तीही नवी घातली. आता सांगा, हा नांगर आजोबांचा की तुमचा?

शेतकरी म्हणेल, "नांगरट होते ना? मग झालं तर!" त्याचं बरोबरच आहे. धडगावचा घाट चढणारी जीप मध्येच बंद पडली, तर मिस्त्री हाताशी असेल तो भाग बसवून ती चालू करतो. तो भाग कोणत्या सालचा, हे उतारूंपैकी कोणी विचारत नाही. त्यांना घरी पोचायचे असते. पण तीच वस्तू जुन्या काळाची साक्ष म्हणून जपायची ठरली, की हा प्रश्न अवघड होऊन बसतो. तो किती अवघड, हे शर्यतीच्या मोटारीवरून फार चांगले कळते.

शर्यतीच्या जातीच्या मोटारी आपल्या महाराष्ट्रानेही पाहिल्या आहेत. १९३० च्या आसपास तरुण जे. आर. डी. टाटा मुंबईच्या रस्त्यांवरून बुगाटी मोटार भरधाव नेत. तिला ना छप्पर होते, ना चाकांवर मडगार्ड. अशा गाडीत शोभेचे काही नसतेच. वेगाला जे उपयोगी, तेवढेच तिच्यात ठेवायचे. शिवाय ती कधी एकसारखी राहत नाही. आज इंजिन बदलले, उद्या पत्रा बदलला, परवा मालकच बदलला! मग अशी गाडी पुढे दुरुस्त करायची, ती कोणत्या दिवसाची?

ही अडचण ज्या गाडीत पुरेपूर दिसते, तिची हकीगत आता ऐका. इंग्लंडात काउंट लुई झबोरोव्स्की नावाचा एक धनिक होता. त्याने पहिल्या महायुद्धातील विमानाचे लिबर्टी इंजिन मोटारीवर चढवले. बारा सिलिंडरांचे, सत्तावीस लिटरचे हे धूड! इंजिनाची ताकद मागच्या चाकांना साखळ्यांनी पोचायची, आपल्या सायकलीसारखी. १९२४ साली इटलीतील मोंझाच्या शर्यतीत झबोरोव्स्की मरण पावला. त्याची ही गाडी जे. जी. पॅरी-थॉमस या वेल्समधील इंजिनियराने अवघ्या १२५ पौंडांना घेतली. त्याने स्वतः आखलेले पिस्टन घातले, चार नवे कार्ब्युरेटर लावले आणि गाडीचे नाव ठेवले 'बॅब्ज'. एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या लांब, सपाट किनाऱ्यावर त्याने ती ताशी १७१ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर वेगाने नेली. तो त्या काळचा जगातला उच्चांक होता.

फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्बेलने त्याच किनाऱ्यावर हा उच्चांक मोडला. तो परत मिळवण्यासाठी थॉमस ३ मार्च १९२७ रोजी पुन्हा तिथे उतरला. भर वेगात गाडी उलटली आणि थॉमस जागीच गेला. लोकांनी त्याची गाडी तिथेच वाळूत पुरून टाकली.

साखळी तुटून ती थॉमसच्या डोक्याला लागली, अशी समजूत तेव्हा पसरली आणि पुढे बरीच वर्षे तीच सांगितली गेली. १९६९ साली ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या शिक्षकाने परवानगी मिळवून ती गाडी उकरून काढली. बेचाळीस वर्षे खारट वाळूत राहून पत्रा कुजला होता. पण सांगाडा होता, इंजिन होते. ते भाग तपासल्यावर साखळीच्या गोष्टीबद्दल शंका निघाली आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवले गेले. पाहिलेत ना? ज्याला आपण मोडके लोखंड म्हणू, त्याने जबानी दिली! कोणी घाईने ते वितळवले असते, तर साक्षीदारच गेला असता.

ओवेन यांनी कित्येक वर्षे खपून गाडी उभी केली. जे वापरता आले ते वापरले, त्या काळचे भाग मिळवले, काही नवे घडवले, आणि गाडी पुन्हा चालू केली. त्यांनी उभी केली ती झबोरोव्स्कीची नव्हे, थॉमसची बॅब्ज. म्हणजे कोणता दिवस जपायचा, हे त्यांना आधी ठरवावे लागले.

याच्या अगदी उलट एक उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधील मॅजोरे सरोवराच्या तळाशी एक १९२५ ची बुगाटी पडून होती. पाणबुड्यांनी १२ जुलै २००९ रोजी ती वर काढली. गंजलेली, अर्धी झडलेली. पुढे लिलावात ती विकली गेली, आणि घेणाऱ्याने ती दुरुस्त न करता कॅलिफोर्नियातील आपल्या संग्रहालयात तशीच मांडली. तिची कहाणी त्या गंजात होती. तो घासून काढला असता, तर एक नवी दिसणारी मोटार उरली असती, एवढेच.

मग खरे कोण? दोघेही. कारण दोघांनीही लपवाछपवी केली नाही. जुन्या वाहनांसाठी २०१३ मध्ये लागू झालेली 'तुरीनची सनद' हेच सांगते: मूळ भाग शक्य तितका राखा, आणि नवा घातला तर त्यावर लहानशी खूण करा, म्हणजे पुढचा अभ्यासक फसणार नाही. नवा भाग घालणे हा गुन्हा नाही. नव्याला जुने म्हणून खपवणे, ही इतिहासाशी लबाडी आहे.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, हे सारे आपल्या डोंगरातही लागू पडते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. तिथल्या घराचा एखादा सागवानी खांब, एखादे जाते, एखादा ढोल आज नव्या वस्तीत असेल. मुलांना घेऊन जा आणि विचारा: हे कोणी घडवले? यातले काय मूळचे, काय नंतरचे? ढोलाचे कातडे कधी बदलले? उत्तरे एका वहीत लिहा, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. माहीत नसेल, तिथे 'माहीत नाही' असेच लिहा. आणि रंग फासण्यापूर्वी जरा थांबा, बरं का.

पॅरी-थॉमसच्या गाडीला वाळूतून काढायला बेचाळीस वर्षांनी का होईना, कोणी तरी आले. आपल्या गावची जुनी माणसे तेवढी थांबणार नाहीत. वही आजच उघडावी.