तळ्याकाठचं गाव, किल्ला आणि एक ताम्रपट

ऑनसाइटला गेलेला कुठलाही मित्र स्वित्झर्लंडहून एक फोटो हमखास पाठवतो. निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर आणि अगदी पाण्याला टेकून उभा असलेला शिलाँचा किल्ला. खाली एक वाक्य: "आपल्याकडे असं काही नाही यार!"

आता ठाण्यात आल्प्स नाहीत हे मान्य. पण तळ्याकाठचं जुनं गाव आणि किल्ला, दोन्ही आहेत की! किल्ल्यात सेंट्रल जेल आहे, त्यामुळे फोटो काढायला कोणी जात नाही इतकंच.

तलावपाळीला आपण जातो ते चक्कर मारायला, नाहीतर गडकरीला नाटक बघायला. पण हजार वर्षांपूर्वी हे गाव 'श्रीस्थानक' होतं, उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचं मोठं ठाणं. अंबरनाथचं शिवमंदिर त्यांचंच. तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा.

आता गंमत बघा. 1787 साली इंग्रज ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणत होते. तिथे मातीत ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीने शके 939 मध्ये (इ.स. 1017) जमीन दान दिल्याचा तो दस्तऐवज. चक्क सातबाराचा खापरपणजोबा! पुढच्याच वर्षी त्याचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात छापून आलं. प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली 1837 च्या सुमारास. म्हणजे त्याच्या पन्नास वर्षं आधी ठाण्याचा हा कागद (तांबं म्हणा) जगभरचे विद्वान वाचत होते. आणि आपण? शाळेत मला शिलाहार म्हणजे एका ओळीत उरकलेला घराणं-क्रमांक अमुक, एवढंच आठवतंय.

असल्या दानपत्रांत संपत्ती आणि तारुण्य क्षणभंगुर आहेत वगैरे सांगून झालं की शेवटी सज्जड दम असतो: ही जमीन जो हिसकावेल तो हजारो वर्षं विष्ठेतला किडा होईल. ठाण्यातल्या आजच्या बिल्डरांना हे कलम करारात घालून द्यायला हवं.

शिलाहारांचा शेवट मात्र वाईट झाला. 1265 च्या आसपास देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा राजा सोमेश्वर याला समुद्रापर्यंत रेटलं, आणि तो बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती हीच असावी असं बरेच अभ्यासक मानतात.

तरी बंदर चालूच होतं. 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू धर्माच्या वादातून मारले गेले. थोड्याच काळाने ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी ठाण्यात आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनला गेला. सातशे वर्षांपूर्वी, ठाणे ते चीन!

आज दिसतो तो किल्ला बराच नंतरचा. पोर्तुगीजांनी 1730 च्या दशकात तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी. तळ्याकाठचं कौपिनेश्वराचं आजचं देऊळ मधल्या मराठी काळातलं, 1760 चं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं.

आणि शिलाँ? तोही तुरुंगच होता. तिथे बोनिव्हार नावाचा माणूस सहा वर्षं कोंडलेला होता. त्याच्यावर बायरनने 1816 च्या उन्हाळ्यात कविता लिहिली आणि किल्ला जगप्रसिद्ध झाला. त्याच 1816 च्या सप्टेंबरात ठाण्याच्या किल्ल्यातून पेशव्यांचा त्रिंबकजी डेंगळे पळाला. पहारा गोऱ्यांचा होता. म्हणतात की बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठी गाणं म्हणायचा, आणि पळण्याचा अख्खा बेत त्या गाण्यातून आत पोचला. गोऱ्या शिपायांना मराठी कुठलं कळायला!

बोनिव्हार काही पळाला नाही. त्याला बाहेरून फौज येऊन सोडवून घेऊन गेली.