नाणे आणि त्याची जागा : वाहनतळावरील खडीपासून बैराटच्या विहारापर्यंत

जयपूरच्या आग्नेयेला जगतपुरा हे झपाट्याने वाढलेले उपनगर आहे. अशा उपनगरांत मोकळ्या जागेवर खडी अंथरली की वाहनतळ तयार होतो. खिशातून किल्ली काढताना एखादे नाणे पडते, चाकाखाली दबते आणि दगडांच्या फटींतून खाली उतरते. धातुशोधक यंत्र घेऊन अशा जागी हरवलेली नाणी शोधणे हा जगभर अनेकांचा छंद आहे. तो निरुपद्रवी दिसतो. खडीवर तो तसा असतोही. मात्र याच यंत्राने काही पावलांपलीकडच्या मातीत इतिहासाचे न भरून येणारे नुकसान होऊ शकते. असे का, हे समजून घेण्यासाठी आधी यंत्राकडे पाहू.

१८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनावर चालणारे उपकरण तयार केले. प्रयोगात ते उत्तम चालले, रुग्णशय्येपाशी मात्र अपयशी ठरले. शय्येतील पोलादी स्प्रिंगांमुळे संकेत बिघडला आणि शोधही शरीराच्या चुकीच्या बाजूला घेतला गेला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी घडवलेले सुरुंगशोधक यंत्र एल अलामेनच्या लढाईत वापरले गेले. आजची छंदोपयोगी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. कुंडलीतील बदलत्या प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि त्यांचे प्रतिक्षेत्र यंत्र टिपते. एकटे नाणे साधारणपणे वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते.

जमीनही या कामात भाग घेते. महाराष्ट्रातील खडी बहुधा काळ्या बेसाल्टची असते. तिच्यातील मॅग्नेटाइटमुळे यंत्राला खोटे संकेत मिळतात. अरवलीतील क्वार्ट्झाइट त्या मानाने शांत असते. आणखी एक गंमत अशी, की भारतात १९८८ नंतर अनेक नाणी चुंबकीय गुणधर्माच्या पोलादाची होऊ लागली. खिळे टाळण्यासाठी यंत्रावर लोखंड वगळण्याची सोय चालू केली, तर हा रुपयाही वगळला जाण्याची शक्यता असते.

यंत्र सांगते ते इतकेच : येथे धातू आहे. तो कोणासोबत, कशात आणि कोणत्या थरात आहे, हे ते सांगत नाही. इतिहासाला मात्र नेमके तेच हवे असते.

जयपूरच्या उत्तरेकडील बैराटचे उदाहरण घ्या. १९३५-३६ मध्ये दयाराम सहानी यांनी तेथील बौद्ध विहाराचे उत्खनन केले. एका खोलीत मातीचे भांडे सापडले. त्यात चांदीची ३६ नाणी होती : ८ आहत नाणी आणि २८ ग्रीक व भारतीय-ग्रीक राजांची. त्या २८ पैकी १६ मिनांडरची होती. आहत नाणी सुती कापडात गुंडाळलेली होती. ही सारी एकाच भांड्यात होती, म्हणून आहत नाणी ग्रीक राजांच्या नाण्यांच्या काळातही जवळ बाळगली जात होती, हे समजले. विहारातील वस्तीचा काळ ठरवायलाही आधार मिळाला आणि सुती कापडाचा पुरावा हाती आला. घाईने उकरणाऱ्याच्या हाती चांदी लागली असती. कापडाचा चुरा झाला असता.

नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या सुमारे सव्वातेरा हजार नाण्यांचा संचय मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. एकच नाणे सापडले असते, तर ते कुतूहलाचा विषय झाले असते. हजारो नाणी एकत्र मोजता आली, म्हणून सत्तांतराचा पुरावा झाली.

याच्या उलट अनुभव राजस्थानातील बयाना येथे आला. १९४६ मध्ये शिकारीनंतर पडलेली रिकामी काडतुसे वेचणाऱ्या मुलांना शेतात तांब्याचे भांडे दिसले. आत गुप्त राजांची सोन्याची नाणी होती. तपासापूर्वीच त्यांतील काही नाणी वितळवली गेली; १८२१ हाती आली. कोल्हापूरकडचे पुराविद अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांची सूची सिद्ध केली, ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. वितळलेल्या नाण्यांवर कोणते राजे होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

याचा अर्थ यंत्र दोषी आहे, असा नव्हे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली लढाई झाली होती. १९८३ च्या वणव्यात तेथील गवत जळाले आणि पुढल्या वर्षी संशोधकांनी छांदिष्ट स्वयंसेवकांच्या मदतीने धातुशोधक फिरवले. प्रत्येक काडतुसाच्या जागी निशाण रोवून तिची नोंद केली. काडतुसांवरील घावांच्या खुणा जुळवून एकेका बंदुकीची रणांगणावरील हालचाल त्यांना मांडता आली. यंत्र तेच; फरक नोंदीचा.

आता पुन्हा खडीकडे वळू. वाहनतळावरील खडी ट्रकमधून आलेली असते. तिच्यात पडलेल्या नाण्याचा भोवतालच्या दगडांशी ऐतिहासिक संबंध नसतो. जागामालकाची परवानगी घेऊन ते उचलले, तर काहीही हरवत नाही. खडीखालची मूळ जमीन लागली, की मात्र थांबायला हवे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरू शकते.

म्हणून जुने नाणे दिसले, तर ते घासून चकचकीत करू नका. शक्यतो हलवू नका. छायाचित्र घ्या, जागा आणि खोली लिहून ठेवा, मग कळवा. नाण्याची किंमत बाजार सांगेल. त्याची हकिगत मात्र ते जेथे पडले होते, ती जागाच सांगू शकते.