पैसे कटले, पण पोचले नाहीत

परवा खताच्या दुकानात एक म्हातारे शेतकरी उभे होते. मोबाइलवरून १,८५० रुपये खात्यातून गेले, दुकानदाराच्या पेटीतून मात्र आवाजच नाही. "पैसे आले की पोतं न्या बाबा." म्हातारबा माझ्याकडे बघायला लागले. पत्रकाराला सगळं ठाऊक असतं असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. मग दोन रात्री वाचत बसलो.

ही अडचण आपल्या मोबाइलपेक्षा जुनी निघाली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियम पक्का केला: व्यवहार एकतर पूर्ण होईल, नाहीतर झालाच नाही असं धरायचं. अर्धवट काही नाही. वीज गेली तरी नोंदवहीवरून सगळं पूर्ववत करायचं. १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर या दोघांनी त्याला 'ॲसिड' हे नाव दिलं.

एका यंत्रावर हे जमतं. दोन बँकांची दोन यंत्रं असली तर? त्यावर उपाय 'टू-फेज कमिट'. ग्रे त्याला चर्चमधल्या लग्नाची उपमा द्यायचा. पाद्री आधी दोघांना विचारतो, दोघं 'हो' म्हणाले की मगच लग्न लागल्याचं जाहीर करतो. पण दोघांनी 'हो' म्हटलं आणि नेमका तेव्हाच पाद्री बेशुद्ध पडला तर? दोघं तसेच उभे! लग्न लागलेलं नाही, मोडलेलंही नाही. तोवर दोन्ही खात्यांना कुलूप.

(हा ग्रे २८ जानेवारी २००७ला आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच बोट घेऊन समुद्रात गेला, तो परत आलाच नाही. हजारो लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं धुंडाळली. बोटही सापडली नाही.)

१९८७ साली प्रिन्स्टनच्या गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी वेगळी वाट काढली, 'सागा'. मोठ्या व्यवहाराचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा लगेच पक्का करा, आणि पुढे कुठे बिघडलं तर मागच्या तुकड्यांची भरपाई करणारा उलटा व्यवहार करा. तेव्हा हे फारसं कुणाच्या डोक्यात शिरलं नसेल. पण क्लाउड आलं, एकेका व्यवहारात दहा ठिकाणची यंत्रं आली, सगळ्यांना कुलूप लावून थांबवणं परवडेना. मग सागालाच भाव आला.

आपलं यूपीआय २०१६चं. पैसे कटून पोचले नाहीत तर परत येतात, ती माझ्या समजुतीने हीच भरपाईची रीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्ये मुदतही घातली: माणसाकडून माणसाला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानात असेल तर पाच दिवस. त्यापुढे बँकेने रोज १०० रुपये द्यायचे, तेही ग्राहकाने तक्रार न करता.

म्हातारबांचे पैसे चौथ्या दिवशी आले. म्हणजे नियमात बसले, भरपाई शून्य. पण पाऊस पाच दिवस थांबत नाही ना! खत त्याच संध्याकाळी टाकायचं होतं. त्यांनी शेजाऱ्याकडून रोख उसने घेतले आणि पोतं नेलं.