ख्रिस्ती नित्यसाधना (मराठी परंपरा)

येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीनुसार दैनंदिन जीवन घडविण्यासाठी केलेला नियमित धार्मिक अभ्यास. प्रार्थना, बायबलवाचन, मनन, उपवास, पापकबुली, दानधर्म व सेवा ही तिची प्रमुख अंगे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ती अधिक काटेकोरपणे पाळतात.

मराठी ख्रिस्ती समाजात या साधनेला देशी रूप मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण (१६१६) श्रद्धावंतांना वाचून दाखविले जाई. रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन व कीर्तन उपासनेत आणले. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापला. त्यांची पदे उपासना संगीत या गीतसंग्रहातून आजही गायिली जातात. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेला शेती, विणकाम व छपाई यांची जोड होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर तेथेच छापले गेले.

विदर्भात वाशीम येथे नाझरीन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनने रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभारले. रुग्णसेवा हाही साधनेचाच भाग, ही मिशनरी परंपरेतील धारणा त्यामागे होती.