‘तुम्ही’पासून ‘आम्ही’पर्यंत : समदुःखितांच्या संभाषणाची रीत

आजाऱ्याच्या समाचाराला जाणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. समाचाराला आलेला मनुष्य उशाशी बसतो, चहा घेतो आणि बहुधा तीन गोष्टी करतो. आपल्या माहितीतल्या एखाद्या वैद्याचे वा डॉक्टरचे नाव सुचवतो, याच आजाराने गेलेल्या कुणा नातलगाची हकीकत सांगतो आणि परतल्यावर इथे जे पाहिले-ऐकले ते चार जणांच्या कानी घालतो. त्याचा हेतू वाईट नसतो. तरीही तो उठून गेल्यावर आजाऱ्याला हायसे वाटते. या प्रसंगात बोलणारा धडधाकट असतो आणि ऐकणारा अंथरुणावर. त्यामुळे उपदेशाचा अधिकार कुणाकडे हे आधीच ठरलेले असते. पण दोघांनाही एकच आजार असेल, तर कुणी कुणाशी कसे बोलावे? या प्रश्नाचे सर्वांत तपशीलवार उत्तर विसाव्या शतकात अमेरिकेतल्या दारुड्यांनी शोधले. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या नावाने ते जगभर पसरले. त्या उत्तरातले जवळपास प्रत्येक कलम कुठल्या तरी चुकीची किंमत मोजून लिहिले गेले आहे, आणि त्याच्या मुळाशी व्याकरणातल्या पुरुषाचा प्रश्न आहे, हे दाखवणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

या कथेला एक पूर्वरंग आहे. 1840 मध्ये बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची मंडळी स्थापन केली. तोवर दारूविरुद्ध बोलत ते धर्मोपदेशक आणि सुधारक. इथे प्रथमच दारू सोडलेला मनुष्य उभा राहून स्वतःची कहाणी सांगू लागला. 22 फेब्रुवारी 1842 रोजी स्प्रिंगफील्ड येथे या मंडळींपुढे केलेल्या भाषणात तरुण अब्राहम लिंकन यांनी नेमके हेच मर्म हेरले होते. वरून झालेली निर्भर्त्सना माणसाला अधिकच कोडगा करते. त्याच खड्ड्यातून वर आलेल्याचे बोलणे मात्र तो ऐकून घेतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. चळवळ वणव्यासारखी पसरली आणि काही वर्षांतच ओसरली. मद्यपींच्या बरोबरीने दारूबंदीचे पुरस्कर्ते, राजकारणी आणि व्यावसायिक वक्ते आत शिरले. आत्मनिवेदनाचे प्रयोग होऊ लागले, वाद वाढले आणि ज्याच्यासाठी हे सारे होते तो मद्यपी बाजूला पडला.

जवळपास शंभर वर्षांनी हाच धडा नव्याने गिरवावा लागला. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला एक बुडालेला माणूस, बिल विल्सन, डिसेंबर 1934 मध्ये टाउन्स हॉस्पिटलमध्ये दारूपासून सुटला. त्यानंतरचे काही महिने तो भेटेल त्या दारुड्याला उपदेश करत फिरला. एकही सुधारला नाही. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले, की प्रवचन थांबव. आधी आजाराबद्दल बोल. मे 1935 मध्ये कामानिमित्त तो ओहायोतील अॅक्रन या गावी गेला. काम फसले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बारमधला गलबला आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन, अशा अवस्थेत त्याला उमगले, की आपल्याला दारूपासून वाचायचे असेल तर दुसऱ्या एका मद्यपीशी बोलणे आपल्यालाच आवश्यक आहे. फोनाफोनी करून त्याने शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांना गाठले. स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसले. आजवर त्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटले होते. स्वतःच्या गरजेपोटी स्वतःची हकीकत सांगणारा हा पहिलाच. 10 जून 1935, स्मिथ यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस, हा संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. थोड्याच दिवसांत हे दोघे गावातल्या रुग्णालयात तिसऱ्या एका रुग्णाच्या खाटेशी बसले आणि तिथेही त्यांनी आपापली कहाणीच सांगितली. समाचाराची जुनी रीत इथे उलटी झाली. समाचाराला आलेलाच म्हणत होता, ‘मला तुझी गरज आहे.’

1939 मध्ये या मंडळींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. साहित्याच्या अभ्यासकांना त्यातली एक संपादकीय घटना उद्बोधक वाटावी. छपाईपूर्वी अभिप्रायासाठी फिरवलेल्या मसुद्यात वाचकाला उद्देशून ‘तुम्ही’ हे सर्वनाम आणि ‘केलेच पाहिजे’ अशा धाटणीची वाक्ये बरीच होती. एका मनोविकारतज्ज्ञाने सुचवले, की हे आदेश काढा. तुम्ही काय केलेत तेवढेच सांगा. त्यानुसार द्वितीयपुरुषी वाक्ये ठिकठिकाणी प्रथमपुरुषी अनेकवचनात फिरवली गेली. प्रसिद्ध बारा पायऱ्या ‘आम्ही’ या कर्त्याने आणि भूतकाळात सांगितल्या आहेत. त्यांत आज्ञार्थ नाही. आज्ञार्थ ऐकणाऱ्याला खाली बसवतो. भूतकाळातला ‘आम्ही’ शेजारी जागा करून देतो; तिथे बसायचे की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

मात्र याच पुस्तकात या तत्त्वाचा ठळक भंगही झाला आहे. त्यात मद्यपींच्या पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे आणि ते पत्नींच्या ‘आम्ही’ने बोलते. लिहिले मात्र स्वतः विल्सन यांनी. सतरा वर्षे नवऱ्याची दारू सोसलेल्या लोइस विल्सन यांना ते लिहायची इच्छा होती. शैलीत एकसारखेपणा राहावा, या सबबीवर त्यांना ते दिले गेले नाही आणि ही बोच त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिली. ज्याची व्यथा त्यानेच सांगावी, असे म्हणणाऱ्यांनी घरातल्याच माणसाचा प्रथमपुरुष उसना घेतला. 1951 मध्ये लोइस यांनी सहकारी स्त्रीसमवेत मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभी केली. आपल्या सभांना मारक म्हणून तिने नोंदवलेल्या गोष्टी तीन : धर्मावरचा वाद, कुचाळकी आणि एकाने साऱ्यांवर हुकमत गाजवणे. कोणत्याही भिशी मंडळाच्या भिंतीवरही ही यादी शोभावी!

दुसरा मोठा संकेत अनामिकतेचा. आरंभी तो निव्वळ भीतीपोटी आला. दारुडा म्हणून नाव झाले तर नोकरी जाईल, ही ती भीती. 1940 मध्ये क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघातील रॉली हेम्सले या खेळाडूने आपण सदस्य असल्याचे जाहीर केले आणि वृत्तपत्रांत गवगवा झाला. पाठोपाठ विल्सन यांनाही प्रसिद्धीचा मोह आवरला नाही, याची कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. धोका दुहेरी होता. नाव गाजलेला माणूस पुन्हा प्यायला लागला तर काठावरच्या दहा जणांचा विश्वास उडणार. आणि न प्यायला तरी आपल्याच कीर्तीची झिंग त्याला चढणार. 1946 मध्ये संघटनेच्या ‘ग्रेपव्हाइन’ या मासिकात मांडल्या गेलेल्या आणि 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेलेल्या ‘बारा परंपरां’मुळे भीतीतून आलेल्या या सवयीला तत्त्वाचे रूप मिळाले. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. बाहेरच्या वादांवर संघटनेचे मत नाही. व्यक्तीपेक्षा तत्त्व मोठे. वॉशिंग्टोनियन मंडळी ज्या कारणांनी बुडाली, त्यांतली बहुतेक या कलमांत निगुतीने बंद केलेली दिसतात. 1954 मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी विल्सन यांनी याच तत्त्वापायी नाकारली.

तिसरा संकेत सर्वांत अवघड, कारण तो चांगुलपणालाच वेसण घालतो : औषध सुचवायचे नाही. 1960 च्या दशकात विल्सन यांना नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाने गुण आल्याचे वाटू लागले आणि त्यांनी त्याचा हिरिरीने प्रचार आरंभला. सदस्य असलेल्या डॉक्टरांना माहितीपत्रके धाडली. संस्थापकाचा शब्द म्हटल्यावर त्याला वेगळेच वजन. अखेर 1967 मध्ये संघटनेच्या वार्षिक परिषदेने ठरवले, की या विषयाची सर्व चौकशी वेगळ्या पत्त्यावर वळवावी. संस्थापकाच्या व्यक्तिगत आस्थेत संघटना गुंतू नये. ज्यांनी घर बांधले त्यांनाही उंबरठ्याबाहेर चप्पल काढायला सांगणारी ही घटना मला त्या संघटनेच्या इतिहासातली सर्वांत सभ्य घटना वाटते. उलट बाजूचा धोका तर याहून भयंकर आहे. कोणतीही गोळी म्हणजे व्यसनच, अशा भाबड्या समजुतीने कुणी सहकाऱ्याला मानसिक आजाराचे वा फेफऱ्याचे औषध बंद करायला लावले, तर तो माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणूनच संघटनेने पुढे खास पुस्तिका काढून बजावले, की कुणाही सदस्याने डॉक्टरकी करू नये. माझा अनुभव माझ्यापुरता खरा आहे. तो तुझ्यासाठी औषधाची चिठ्ठी होत नाही.

ही रीत 1950 च्या दशकात मुंबईत पोचली. ‘मीटिंग’ आणि ‘शेअरिंग’ हे शब्द तिच्याबरोबर मराठीत रुळले. पुण्यात अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्रच तिथे समुपदेशक झाले, ही गोष्ट अॅक्रनच्या त्या खाटेशी थेट नाते सांगते. एका लेखमालेतून अशी संस्था जन्मावी, हे मराठी साहित्याच्या इतिहासातही नोंदवण्याजोगे आहे.

या संकेतांना मर्यादा नाहीत असे नाही. मध्येच न बोलण्याच्या रीतीआड उदासीनता लपू शकते आणि गुप्ततेच्या आडोशाने अन्यायही दडू शकतो. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा संकेत मोडणे हाच शिष्टाचार ठरतो. पण एरवी, दलित आत्मकथने वा आजारपणाची निवेदने वर्गात शिकवताना आपण शिक्षक मंडळी काय करतो? बोलणाऱ्याचे वाक्य संपायच्या आत अन्वयार्थ लावतो, त्याच्या ‘मी’चा उतावीळपणे सिद्धान्त करतो. समाचाराला आलेल्या त्या पाहुण्याशी आपले साम्य मला अलीकडे अस्वस्थ करते. त्याला किमान चहा संपेस्तोवर तरी गप्प बसता आले असते.