पेशींचा श्वास आणि नीरेचा पेला

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ज्ञातिबांधवांचीच चरित्रे यावीत असा प्रघात आहे. यंदा आम्ही तो किंचित शिथिल करीत आहोत. डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे घराणे कोणत्या ज्ञातीचे ही चौकशी आम्ही केली नाही, आणि वाचकांनीही ती करू नये अशी आमची विनंती आहे. वर्धा जिल्ह्यातील कुटुंबांनी त्यांचे स्मरण करण्यास दोन कारणे आहेत : एक आपल्या मुलींच्या शिक्षणाचे, आणि दुसरे नीरेचे.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. प्रख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्ज नामंजूर झाला; कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

अशा प्रसंगी आपल्या घरांत काय झाले असते याचा विचार वाचकांनी प्रांजळपणे करावा. पदवी मिळाली, आता पुरे, असे म्हणून मुलीस घरी आणले गेले असते. कमलाबाई मात्र बंगलोरला जाऊन संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला : पहिले वर्ष परीक्षेचे, त्या काळात त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नाहीत, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ देऊ नये. या अटी त्यांनी मान्य केल्या, परंतु त्यांतील अपमान विसरल्या नाहीत. उतारवयातही तो त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविला. रामन यांच्या थोरवीस यामुळे उणेपणा येतो काय? या बाबतीत येतो, असे आमचे मत आहे. मात्र वर्षभराने कमलाबाईंचे काम पाहून त्यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर स्त्रियांसही उघडली, हेही नमूद केले पाहिजे. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास करून १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली.

तेथून त्या केंब्रिजला सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल हे त्यांचे मार्गदर्शक झाले. हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनाचे काम चाले आणि कमलाबाईंच्या हाती आला बटाटा. पोत्यात पडून राहिलेला बटाटाही श्वास घेत असतो. अन्नातील शक्ती मोकळी होताना तिचे वाहक असे इलेक्ट्रॉन अखेर प्राणवायूपर्यंत पोहोचवावे लागतात. आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागून घागरी हातोहात पुढे जातात, तसेच हे काम होते. या रांगेतील लोहयुक्त रंगीत प्रथिने म्हणजे सायटोक्रोम. केलिन यांनी १९२५ साली त्यांचे वर्णन केले होते. वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोमची ही यंत्रणा श्वसनाचे काम करते हे दाखविण्यात कमलाबाईंचा वाटा आहे. हिल यांच्यासह त्यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सायटोक्रोम-सी त्यांनीच शोधले असे कोठे कोठे लिहिले जाते, ते जरा सांभाळून घ्यावे. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला म्हणून ओळखल्या जातात. जानकी अम्माळ यांना १९३१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती, म्हणून या मानाविषयी वाद संभवतो. कमलाबाईंच्या कार्यास त्याने बाध येत नाही.

ही घागरींची रांग पेशीत नेमकी कोठे उभी असते हे तेव्हा स्पष्ट नव्हते. ते ठिकाण म्हणजे तंतुकणिका, हे १९४८-४९ च्या सुमारास केनेडी व लेनिंजर यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. १९५६ साली डेन्हम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध प्राणवायूपासून उपजणाऱ्या घातक कणांशी जोडला आणि १९७२ साली त्याचे मूळ तंतुकणिकांत दाखविले. त्यांचे म्हणणे पुढे जसेच्या तसे टिकले नाही. तथापि वय वाढते तशी तंतुकणिकांची कार्यशक्ती मंदावते हे आजचे वार्धक्यशास्त्र मान्य करते.

१९३९ साली स्वदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा, आणि १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञानसंस्था असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी नीरेचे काम हाती घेतले, ते राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. आता, नीरा आम्हा वर्धेकरांस कोणी शिकवावी! १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीतून नीरा व ताडगूळ यांचा प्रचार केला. शिंदीच्या झाडाला रात्री मडके बांधावे, आतून चुना फासावा आणि उजाडण्यापूर्वी ते उतरवावे, नाही तर उन्हाबरोबर नीरेची ताडी होते. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकांमुळे राजेंद्रबाबूंनाही वर्धा परिचित होती. मगनवाडीत जे श्रद्धेने सांगितले जाई, त्याची परीक्षा कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत केली. नीरेत लोह व जीवनसत्त्वे आहेत आणि कुपोषित मुलांस व गर्भवती स्त्रियांस ती उपकारक ठरते, असे त्यांस आढळले. या कार्यास राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

त्याच मुंबईच्या संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. स्त्री असणे पुन्हा आड आले. निवृत्तीनंतर त्या ग्राहकसंरक्षणाच्या चळवळीत उतरल्या आणि १९८२-८३ साली ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या अध्यक्षा झाल्या.

सायटोक्रोम-सी तंतुकणिकेतून बाहेर सांडले की पेशीच्या मरणाचा क्रम सुरू होतो, हे १९९६ साली अमेरिकेत शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. कमलाबाई तेव्हा पंचाऐंशी वर्षांच्या होत्या. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळाने त्यांचे देहावसान झाले.